रेशीम कुणासाठी

उष्ण कटिबंधातल्या आशियात एकाच झाडावर सापडू शकतील असे दोन कीटक आहेत, आणि दोघंही पान आणि रेशीम एवढ्या दोनच वस्तूंनी घर बांधतात. एक ॲटलास पतंग. पंख पसरलेली मोठी मादी 24-25 सेंटीमीटर भरते. दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरले तरी ती पुरती मावत नाही. दुसरी विणकर मुंगी, जेमतेम सेंटीमीटरभर लांब, नारिंगी-तांबूस रंगाची. पतंगाच्या प्रौढ आयुष्यात दुसऱ्या पतंगाची गाठ पडली तर पडते, नाही तर नाही. मुंगी जन्मते ती गर्दीत आणि जगते तीही गर्दीतच. दोघांनाही मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे, आणि आता एकाचा विचार करताना दुसरा आपोआप शेजारी येऊन बसतो. त्याचं कारण ते रेशीम.

रेशीम दोघांकडेही अळीच्या वयातच तयार होतं आणि खालच्या ओठापाशी उघडणाऱ्या ग्रंथीतून बाहेर येतं. त्याची आतली घडण मात्र वेगळी आहे. पतंगांच्या रेशमात प्रथिनांचे पदर चापट पट्ट्यांसारखे एकावर एक बसतात. मुंग्या आणि मधमाश्या यांच्या रेशमात तीच जागा मळसूत्री वळणाचे, एकमेकांभोवती पिळलेले धागे घेतात. वस्तू वेगळी, काम तेच: ओला द्रव बाहेर येतो, ताणला जातो, धागा होतो, पानाला पान धरून ठेवतो. हा धागा महाग असतो. अळीनं खाल्लेल्या अन्नातलं प्रथिन त्यात जातं आणि ते परत मिळत नाही. मग तो खर्च कुणासाठी करायचा? स्वतःसाठी, की सगळ्यांसाठी? मला या दोन जीवांत जे काही दिसलं, ते याच प्रश्नाच्या आसपास दिसलं.

विणकर मुंग्यांच्या आज जिवंत असलेल्या जाती दोनच. एक आशियात आणि उत्तर ऑस्ट्रेलियात, दुसरी आफ्रिकेत. दोन्ही झाडांवर राहतात, आणि पोकळ खोड किंवा मातीतलं बीळ न शोधता जिवंत पानांचीच घरटी करतात. हे काम प्रत्यक्ष होताना पाहिलं नसेल तर सांगून खरं वाटणार नाही. सुरुवात अगदी साधी असते. एक मुंगी पानाच्या कडेशी उभी राहून, मागचे पाय रोवून, शेजारचं पान ओढून पाहते. बहुतेकदा पान हलत नाही. ती सोडून देते आणि पुढे जाते. दुसरीकडे कुठंतरी दुसरी मुंगी हेच करत असते. जिथं पान थोडंसं वळतं, तिथं जवळपासच्या मुंग्या येऊन त्याच कडेला लागतात. पान आणखी वळतं, आणखी मुंग्या येतात. थोड्याच वेळात पानाच्या कडेला एका रांगेत मुंग्या उभ्या दिसतात, सगळ्यांची तोंडं एकीकडे, सगळ्यांचे पाय ताणलेले.

दोन पानांमधलं अंतर एका मुंगीच्या लांबीपेक्षा जास्त असेल तर साखळी होते. एक मुंगी दुसरीची बारीक कंबर जबड्यात धरते, दुसरी तिसरीची, आणि असा जिवंत दोर पलीकडच्या पानापर्यंत पोचतो. मग शेजारी दुसरा दोर, तिसरा दोर. सगळ्या मिळून मागे सरकत जातात आणि दोर एकेका मुंगीनं आखूड होत जातो. इथं मुकादम कुणी नसतो. राणी तर या सगळ्यापासून दूर कुठल्या तरी आतल्या घरट्यात असते, आणि ती हुकूम देत नाही, अंडी घालते. ज्या पानात यश दिसतं तिकडं जायचं, एवढ्यावर हे सगळं चालतं. मी भिंगातून तासन्‌तास हे पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी माझं लक्ष त्या पहिल्या, कुणाची साथ नसताना पान ओढून पाहणाऱ्या मुंगीवर जास्त रेंगाळलं आहे. तिचा प्रयत्न फसतो तेव्हाही तो कामाचाच भाग असतो, कारण कुठलं पान वळेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.

पानं जवळ आली की ती तशीच धरून ठेवायची, आणि आता खरी गोष्ट सुरू होते. काही मुंग्या जुन्या घरट्यात जातात आणि जबड्यात एकेक अळी धरून आणतात. अळी वाढीच्या शेवटच्या टप्प्यातली. मुंगी तिला आडवी धरते, डोकं पुढे ठेवते, पानाच्या कडेशी आपल्या मिशा हलकेच टेकवते आणि अळीचं डोकं तिथं लावते. अळी रेशमाचा थेंब सोडते. मुंगी डोकं उचलून समोरच्या पानाकडे वळते, पुन्हा टेकवते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मागावरचा धोटा जसा जातो, अगदी तशी ती अळी जाते. अळी यात जवळजवळ हलत नाही. इतर अनेक मुंग्यांच्या अळ्या स्वतःभोवती कोश विणताना डोकं डावीउजवीकडे झुलवत राहतात. विणकरांच्या अळीत ही हालचाल फारच थोडी उरली आहे. हालचालीचं काम मोठीनं उचललं आहे, अळीनं फक्त धागा द्यायचा. थोड्या वेळात दोन पानांमधल्या फटीत पांढरं, दाट, कागदासारखं पापुद्र्याचं कापड तयार होतं.

1770 साली जोसेफ बँक्स हा निसर्गअभ्यासक कॅप्टन कुकच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्यानं या मुंग्या पाहिल्या आणि टिपून ठेवल्या. हजारो मुंग्या सगळी ताकद लावून पान धरून ठेवतात आणि आत दुसऱ्या मुंग्या कसला तरी डिंक लावतात, असं त्याला दिसलं. पानं धरण्याची बाजू त्यानं अचूक पाहिली. डिंक कुठून येतो हे मात्र आत, घरट्याच्या अंधारात घडत होतं. तो धागा अळ्यांच्या तोंडातून येतो हे नोंदलं जायला आणखी शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे हेन्री रिडली यांनी 1890 च्या सुमारास ते लिहिलं. एवढी मोठी, दिवसाढवळ्या चालणारी गोष्ट इतका काळ निम्मीच दिसत राहिली, याचं मला नवल वाटत नाही. आपण राबणाऱ्यांकडे पाहतो. ज्याला उचलून आणलं आहे, त्याच्याकडे पाहायला वेळ लागतो.

आणि या अळीचं पुढे काय होतं? तिनं रेशीम घरट्याला दिलं, म्हणून तिच्या स्वतःच्या कोशासाठी ते उरत नाही. विणकर मुंग्यांची कोशावस्था उघडी असते. अंगावर धाग्याचा एकही वेढा नसताना, पांढरी, नाजूक, पाय अंगाशी दुमडलेली अशी ती घरट्यात पडून राहते आणि तशीच मुंगी होते. तिला स्वतंत्र कोशाची गरजही नसते, कारण सगळं घरटंच तिचा कोश आहे. तिच्यासारख्या अनेक अळ्यांनी दिलेल्या धाग्यांनी ते शिवलं गेलं आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्याला त्याग म्हणून टाकलं होतं. आता तो शब्द वापरावासा वाटत नाही. त्याग करायला आधी ‘माझं’ असं काही असावं लागतं, आणि या अळीच्या जगात ते कधी होतं का, हे मला सांगता येत नाही.

आता ॲटलास.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी आधी अंड्याचं कवच खाते आणि मग पानाकडे वळते. दालचिनी, पेरू, लिंबूवर्गातली झाडं, आणखी कितीतरी. खाण्याच्या बाबतीत ती चोखंदळ नाही. पाच-सहा आठवडे ती फक्त खाते, कात टाकते, पुन्हा खाते. शेवटी बोटापेक्षा जाड आणि सुमारे 11 सेंटीमीटर लांब होते. फिकट निळसर-हिरवी, पाठीवर मांसल काट्यांच्या रांगा, आणि सगळ्या अंगावर पिठूळ पांढरं मेण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिच्यावर बुरशी चढल्यासारखं वाटतं. छेडलं तर उग्र वासाचा द्रव उडवते. बाकी तिचा कुणाशी संबंध नाही. आई तर ती जन्मायच्या आधीच गेलेली असते.

कोशाची वेळ आली की ती आधी एक काम करते, आणि ते पाहून मी थक्क झालो होतो. ज्या पानाच्या आडोशाला कोश करायचा त्या पानाचा देठ ती रेशमानं फांदीला बांधून टाकते. पान आता वाळणार, देठ सुटणार, ते गळणार, याची सोय झाडाच्या नियमांत आहेच. ती सोय अळी आधीच रद्द करते. मग पान अंगाभोवती ओढून घेत आत कोश विणते: तपकिरी, कागदी, चिवट, सात-आठ सेंटीमीटर लांब. पान सुकतं, चुरगळतं, पण पडत नाही. फांदीला वाळकं पान लोंबतंय असं वाटतं, आणि जाणारा येणारा त्याकडे पाहतही नाही. हे रेशीम तुटक धाग्यांचं असतं; तुतीवरच्या रेशीमकिड्यासारखा एकच लांब अखंड धागा त्यातून उलगडत नाही, म्हणून ते लोकरीसारखं कातावं लागतं. तैवानात या रिकाम्या कोशांचे पैसे ठेवायचे बटवे करत. एका अळीनं स्वतःसाठी, एकाच वेळेसाठी विणलेली वस्तू इतकी टिकाऊ असते.

कोशातून पतंग बाहेर येतो तो ओला, पोट फुगलेला, पंखांच्या जागी चुरगळलेल्या चिंध्या. तो वर चढून लटकतो आणि शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलू लागतो. पंख हळूहळू उतरतात, पसरतात, ताठ होतात. तांबूस-विटकरी रंग, मधोमध पारदर्शक त्रिकोणी खिडक्या, ज्यांवर खवलेच नाहीत. पुढच्या पंखांच्या टोकाशी नागाच्या डोक्यासारखी आकृती. त्या आकृतीमुळे कँटनी बोलीत त्याला सर्पमुखी पतंग म्हणतात. पक्षी तिला खरोखर साप समजतात की नाही यावर अभ्यासक वाद घालतील. मला तर ती पाहताना दर वेळी क्षणभर दचकायला होतं.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट पंखांची नाही, तोंडाची आहे. या पतंगाला खाता येईल असं तोंड नाही. सोंडेची खूण तेवढी उरली आहे, ती कामाची नाही. प्रौढ झाल्यावर तो काही खात नाही, पीत नाही. अळीच्या वयात जे साठवलं, त्यावर एक-दोन आठवडे, बहुतेकदा त्याहूनही कमी, आणि संपलं. म्हणजे उडण्याची प्रत्येक मिनिटं आधी कमावलेल्या चरबीतून वजा होत जातात आणि भर पडत नाही. याची मादी म्हणूनच फार उडत नाही. कोशाजवळच कुठंतरी बसून राहते, पोटाच्या टोकाशी असलेली ग्रंथी उघडी करते आणि वाऱ्यावर गंध सोडते. नर तो गंध घेतो आपल्या रुंद, पिसांसारख्या मिशांनी, कित्येक किलोमीटरांवरून. त्या मिशा इतक्या मोठ्या का, हे मादीकडे पाहिलं की लगेच कळतं: सगळं शोधणं त्याच्याकडे आहे, सगळं थांबणं तिच्याकडे.

मला तिचं ते थांबणं फार वेळ आठवत राहिलं आहे. एका झुडपावर नुकतीच बाहेर आलेली मादी मी रात्रभर पाहिली होती. ती हलली नाही. वाऱ्याची दिशा बदलली तेव्हा मला वाटलं, आता जागा बदलेल, नाही बदलली. माणसाच्या थांबण्यात चुळबुळ असते, आशा-निराशा असते. तिच्यात तसं काही असेल असं मी म्हणणार नाही. पण तिच्यापाशी मोजके दिवस होते, त्यातली एक रात्र माझ्यासमोर खर्च झाली, आणि हे तिथं बसून पाहताना मी माझ्याही रात्री मोजू लागलो, हे मात्र खरं.

तिचा गंध म्हणजे एकच वाक्य: मी इथं आहे. मुंग्यांकडे गंधाची सबंध बोली आहे. आफ्रिकेतल्या विणकर मुंग्यांवर बर्ट हॉल्डॉब्लर आणि एडवर्ड विल्सन यांनी 1970 च्या दशकात जे काम केलं, त्यातून सोबतिणींना बोलावण्याच्या निरनिराळ्या पाच रीती पुढे आल्या: अन्नाकडे बोलावणं वेगळं, नव्या जागेकडे वेगळं, घर हलवताना वेगळं, जवळच्या शत्रूवर वेगळं, लांबच्या शत्रूवर वेगळं. धोक्याच्या वेळी जबड्यांच्या ग्रंथीतून जो द्रव सुटतो त्यात अनेक रसायनं असतात आणि ती वेगवेगळ्या वेगानं पसरतात. हेक्झॅनल सगळ्यांत आधी लांब पोचतं आणि मुंगी सावध होते. हेक्झॅनॉलनं ती गंधाच्या उगमाकडे वळते. जी जड रसायनं उगमाजवळच रेंगाळतात त्यांच्या टापूत आली की चावते. एका थेंबात क्रमवार सूचना असतात, आणि क्रम लावायचं काम हवाच करते. याशिवाय आपल्या हद्दीत त्या विष्ठेचे ठिपके टाकून ठेवतात. प्रत्येक वसाहतीच्या ठिपक्यांचा वास वेगळा, आणि परक्या ठिपक्यांच्या जमिनीवर मुंगी बिचकत चालते.

यांना नांगी नसते. चावा घेतात आणि त्या जखमेवर पोटाचं टोक वळवून फॉर्मिक आम्ल सोडतात. ज्यानं या झाडाला हात लावला आहे त्याला याहून जास्त सांगायला नको.

लिंबूवर्गातली झाडं मी मुद्दाम म्हटली. ॲटलासची अळी त्यांची पानं खाते, आणि विणकर मुंग्यांना तीच झाडं राखणीला लावण्याची रीत फार जुनी आहे. इसवी सन 304 च्या सुमाराचा मानला जाणारा एक चिनी ग्रंथ सांगतो की दक्षिणेकडे या मुंग्या घरट्यांसकट पिशव्यांतून बाजारात विकत, आणि ज्या झाडांवर त्या नसत त्यांची फळं किडत. कीड मारायला कीटकच वापरल्याची ही जगातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. पुढे झाडाझाडांमध्ये बांबूचे पूल बांधून मुंग्यांना ये-जा करता येईल अशी सोयही करू लागले. तेव्हा ज्या झाडावर मुंग्यांची वसाहत आहे, तिथं पतंगाच्या लहानग्या अळीची धडगत नाही. तिला मदतीला कुणी येत नाही. मुंगीला मात्र एका थेंबात शंभर जणी येतात. एकट्यानं जगण्याची किंमत इतकी उघड दिसते आणि तरीही ॲटलास पतंग आहे, अजून आहे, त्याच जंगलांत आहे. शेकडो अंडी घालायची, ती वेगवेगळ्या पानांवर वाटायची, काही तरी वाचतील या हिशोबावर सगळं सोडायचं आणि स्वतः निघून जायचं: हाही जगण्याचा धडधाकट मार्ग आहे. संघटित तेच टिकतं असं जे आपण मुंग्यांकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत असतो, त्याला या वाळक्या पानासारख्या कोशानं केव्हाच उत्तर दिलेलं आहे.

मुंग्यांचं म्हातारपण मला आणखी वेगळ्या कारणानं लक्षात राहिलं. तरुण कामकरी मुंग्या आतल्या घरट्यांत, राणीच्या आणि पिल्लांच्या जवळ असतात. वय वाढत जातं तशा त्या बाहेर सरकतात: आधी अन्न शोधायला, आणि शेवटी हद्दीवर. वसाहतीच्या सीमेलगत काही घरटी असतात ज्यांत अंडी नसतात, अळ्या नसतात; फक्त म्हाताऱ्या मुंग्या असतात. शेजारच्या वसाहतीशी लढाई झाली तर पहिल्यांदा त्याच पुढे जातात. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखं आयुष्य थोडं उरलं आहे त्यांनीच धोका पत्करावा, हा हिशोब आपल्या लष्करांच्या बरोबर उलटा आहे. तो मला क्रूर वाटत नाही. सुरेख आहे असं म्हणायलाही धजावत नाही.

राणीची गोष्ट याहून विलक्षण आहे. मोठ्या वसाहतीत एका राणीच्या पोटी लाखो कामकरी मुंग्या असतात, पाच लाखांपर्यंत, अनेक झाडांवरच्या डझनावारी घरट्यांत विखुरलेल्या. तिच्या अंगाचा गंध त्यांच्यात फिरत असतो, आणि तो आहे तोवर त्या स्वतः अंडी घालून वाढवायच्या फंदात पडत नाहीत. राणी मेल्यावरही तिचं कलेवर जपून ठेवलं जातं, चाटलं जातं, आणि त्यातला गंध महिनोन्‌महिने आपलं काम करत राहतो. हॉल्डॉब्लर आणि विल्सन यांनी हेही दाखवून दिलं होतं. मेलेली आई अजून घर चालवते आहे. आणि इकडं ॲटलासची मादी, जिला आपली पिल्लं कधी दिसलीच नाहीत. तिचं शेवटचं अंडं पानाच्या खाली चिकटतं, आणि त्यातून अळी बाहेर यायला अजून दोन आठवडे असतात. तोपर्यंत ती नसते.

या दोघींना शेजारी ठेवलं की तुलना आपोआप नीतिकथेकडे घसरू लागते, आणि मी तिला दर वेळी तिथून ओढून परत आणतो. मुंगी म्हणजे कष्ट, पतंग म्हणजे वेड, असं आपण इतक्या पिढ्या म्हणत आलो की खऱ्या मुंगीकडे आणि खऱ्या पतंगाकडे पाहण्याआधीच आपलं पाहून झालेलं असतं. प्रत्यक्षात ॲटलासइतका काटकसरी जीव मी दुसरा पाहिलेला नाही. एक हालचाल वाया जात नाही. आणि मुंग्यांच्या कामात उधळपट्टी किती! ओढलेली पानं सोडून दिली जातात, घरट्याचं पान महिन्या-दोन महिन्यांत वाळतं आणि सगळं पुन्हा नव्यानं करावं लागतं, काही जणी ओढतात तेव्हा दुसऱ्या काही जणी नुसत्या उभ्या असतात. तरीही ही रीत निदान दीड-दोन कोटी वर्षं जुनी आहे. केनियातल्या एका बेटावर मायोसीन काळातल्या विणकर मुंग्यांची एक वसाहत दगडात सापडली. 1964 साली विल्सन आणि टेलर यांनी तिचं वर्णन केलं. त्यात मोठ्या आणि छोट्या कामकरी मुंग्या आजच्यासारख्याच वेगळ्या दिसतात. मोठ्या बाहेर लढणाऱ्या आणि बांधणाऱ्या, छोट्या आत पिल्लं सांभाळणाऱ्या.

या दोन जगांच्या मध्ये एक तिसरा जीव आहे आणि त्याला वगळून पुढं जाववत नाही. लायफायरा ब्रासोलिस हे एक फुलपाखरू, म्हणजे पतंगाच्या कुळाकडचं, आणि त्याची अळी वाढते विणकर मुंग्यांच्या घरट्यात. ती अळी चपटी, कडक पाठीची, खाली कडा दाबून बसणारी. मुंग्या चावून थकतात, तिला उलटी करू शकत नाहीत. आत बसून ती त्याच अळ्या खाते ज्यांनी घरटं शिवलं. कोशातून फुलपाखरू बाहेर पडतं तेव्हा त्याच्या अंगावर सुटे, चिकट खवले असतात. मुंग्या तुटून पडतात आणि त्यांच्या जबड्यांना, मिशांना ते खवले चिकटतात. त्या ते पुसत बसतात तोवर हे बाहेर जाऊन पंख पसरतं. त्यालाही ॲटलाससारखंच प्रौढपणी खाण्याचं तोंड नाही. आयुष्यभराचं अन्न त्यानं मुंग्यांच्या बाळांच्या रूपात आधीच घेतलेलं असतं. सगळ्यांसाठी दिलेल्या रेशमाच्या आत एक एकटा जीव स्वतःसाठी वाढतो. एवढ्या कडक पहाऱ्याच्या घरात अशी फट राहते, याचा मला थोडा दिलासाही वाटतो, आणि का वाटतो हे नीट सांगता येत नाही.

दोघांपैकी कुणाची काळजी जास्त वाटते असं विचारलं तर मी ॲटलासचं नाव घेईन. मुंग्यांची फांदी तुटली तर त्या अळ्या-कोश उचलून दुसऱ्या घरट्यात नेतात. वसाहतीला एक घरटं गेल्याचं फार जाणवत नाही. पतंगाच्या बाबतीत एका रात्रीचा खर्चही मोठा असतो, आणि आपण ती रात्र त्याच्याकडून घेतो ती दिव्यांनी. किडे दिव्यावर भाळतात हे आपण गृहीत धरलेलं होतं. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांतून वेगळंच दिसलं: उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे करतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर आपोआप सरळ राहतं. लाखो वर्षं हा नियम बरोबर होता. दिवा शेजारी किंवा खाली आला की तोच नियम त्याला तिरका करतो, वळवतो आणि दिव्याभोवतीच्या फेऱ्यांत अडकवून ठेवतो. त्यात वेड नाही, ओढ नाही. दिशा हरवलेली आहे. गंधाच्या मागावर निघालेला नर अशा एका दिव्यापाशी रात्र घालवतो, तेव्हा जी चरबी मादीपर्यंत पोचायला होती ती तिथं संपते आणि सकाळी तो भिंतीवर बसलेला असतो.

असा पतंग भिंतीवर दिसला तर लोक आधी फोटो काढतात, मग त्याला हातात घेतात, कधी पंख धरून उचलतात. पंखांचे खवले त्यानं निघतात आणि ते पुन्हा येत नाहीत. त्याला पाणी किंवा मध देऊन उपयोग नाही. दिवसा त्याला जागेवरच राहू द्यावं, पक्ष्यांपासून आडोसा नसेल तर एखादी काडी पायांखाली सरकवून, तो स्वतः चढला की सावलीतल्या झुडपावर ठेवावं. आणि अंधार पडल्यावर तो दिवा मालवावा, रात्रभर.